देव्हाऱ्यातले पुस्तक आणि वाचकांचा वाद

आमच्या तालुक्याच्या गावी गेली अकरा वर्षे एक छोटेसे वाचक मंडळ चालते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सायंकाळी वाचनालयाच्या माडीवर पंधरा-सोळा माणसे जमतात. शाळांतील शिक्षक, कचेऱ्यांतील लिपिक, एक-दोन बँक कर्मचारी आणि महाविद्यालयातील काही विद्यार्थी असा हा मेळ आहे. महिन्याला एक पुस्तक ठरवायचे, सर्वांनी ते वाचून यायचे आणि त्यावर तास-दीड तास बोलायचे, एवढाच मंडळाचा नियम. चहाचा खर्च वर्गणीतून भागतो. अशा मंडळाच्या कारभाराविषयी दैनिकात लिहावे असे काही सहसा घडत नाही, आणि आजवर घडलेही नव्हते.

परंतु गेल्या दोन बैठकांत ते घडले आहे. मंडळाने चर्चेसाठी साने गुरुजींची 'श्यामची आई' घेतली आणि अकरा वर्षांत प्रथमच मंडळ फुटण्याच्या बेतास आले. आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ सभासद, एक निवृत्त मुख्याध्यापक, दुसऱ्या बैठकीला आलेच नाहीत. आणखी दोघांनी त्यांच्यामागोमाग येणे थांबविले. त्यावर उपाय म्हणून एका सभासदाने ठराव मांडला आहे. 'ज्या ग्रंथांविषयी समाजाच्या मनात पूज्यभाव आहे, असे ग्रंथ यापुढे मंडळाने चर्चेस घेऊ नयेत' असा त्याचा आशय. येत्या बैठकीत त्यावर निर्णय व्हावयाचा आहे. ठराव मांडणारे गृहस्थ सज्जन आहेत, त्यांचा हेतूही माणसे जोडून ठेवण्याचा आहे. तरीही प्रस्तुत लेखकाचे मत या ठरावाच्या विरुद्ध पडणार आहे. त्याची कारणे येथे मांडावीशी वाटतात, कारण हा प्रश्न आमच्या माडीपुरता नाही. प्रत्येक शाळेच्या शिक्षक-खोलीत, प्रत्येक वाचनालयात आणि पुष्कळ घरांतही तो आज ना उद्या उभा राहणार आहे.

एकच पुस्तक, निरनिराळे वाचक

'श्यामची आई' मराठी घरांतून वाचली जाऊ लागली त्याला आता नव्वद वर्षे होऊन गेली. १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात असताना, गुरुजींनी तिचा बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहिला आणि १९३५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये तिच्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले; २०२३ मध्ये त्याच नावाचा नवा चित्रपटही येऊन गेला. कोकणातील एका खालावत गेलेल्या खोत घराण्यातील मुलगा मोठेपणी आश्रमातील मित्रांना रोज रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो. अशा बेचाळीस रात्रींचे हे पुस्तक आहे. ज्याने ते वाचले नाही त्यानेही मुक्या कळ्या खुडणाऱ्या श्यामची किंवा अळणी भाजी मुकाट्याने खाणाऱ्या वडिलांची गोष्ट कोठे ना कोठे ऐकलेली असते.

बैठकीचा आरंभ मराठीच्या एका तरुण प्राध्यापकांनी केला. या पुस्तकाला कादंबरी म्हणावे की आठवणी, हा त्यांचा पहिला प्रश्न. कादंबरी म्हणावी तर पात्रांना स्वतंत्र गती नाही. प्रत्येक रात्र एखाद्या शिकवणुकीपाशी येऊन थांबते. अश्रूंचा वापर सढळ आहे, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप नवा नव्हे. गुरुजींच्या हयातीपासून तो घेतला जात आहे, आणि त्यात तथ्य मुळीच नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. तोवर वातावरण शांत होते.

त्यानंतर पदवीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी बोलली. तिचे दोन मुद्दे होते. पहिला असा की, या पुस्तकातील आई देते, सोसते आणि झिजून मरते. या झिजण्यालाच मोठेपण मानायला मुलींना पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे ती स्वतःसाठी न ठेवता नवऱ्याला धोतर आणायला देते, हे वाचून आपल्याला गहिवर येतो. पण तिच्या स्वतःच्या लुगड्याची चौकशी वर्गात कोणी केली होती काय? दुसरा मुद्दा अधिक टोकदार होता. मोळी उचलता येत नसलेल्या महार म्हातारीला हात द्यायला आई श्यामला पाठविते, हा प्रसंग शाळेत दयेचा धडा म्हणून शिकविला जातो. परंतु मोळी उचलून दिल्यावर घरी येऊन स्नान कर, असेही ती सांगते. तेवढे स्नान धड्यातून वगळून कसे चालेल?

मुख्याध्यापकांना हे सहन झाले नाही. "बाळ, तुझ्या वयात आम्ही हे पुस्तक वाचून रडलो. तुम्हां मुलांना त्यात खोट तेवढी दिसते," असे ते म्हणाले. मुलगी खाली मान घालून, पण स्पष्टपणे उत्तरली, "सर, मीही रडले. रडून झाल्यावर मला प्रश्न पडला." मुख्याध्यापक पुढे काही बोलले नाहीत. बैठक संपण्यापूर्वीच ते उठून गेले.

त्यांच्या मागे उरलेल्या अर्ध्या तासात जे दोन सभासद बोलले, त्यांच्यामुळे हा लेख लिहावा लागत आहे. एक प्राथमिक शिक्षक, ज्यांचे आजोबा कोकणात एका खोताचे कूळ होते. ते म्हणाले, "खोताच्या घरची पडझड निदान लिहिली तरी गेली. कुळाच्या घरी रोजच जप्ती होती. ती लिहिणार कोण?" दुसरे गृहस्थ दिवाणी न्यायालयात लिपिक आहेत. मंडळात ते क्वचितच तोंड उघडतात. त्यांनी एवढेच सांगितले की, श्यामच्या घरावर जप्ती येते त्या प्रकरणाशी आपण दर वेळी थांबतो, पुढे वाचवत नाही. त्यांच्या लहानपणी त्यांच्या घरातील कपाट, तांब्याचा बंब आणि भिंतीवरचे घड्याळ अंगणात मांडून यादी करण्यात आली होती. "आई दारात उभी राहून सामानाकडे पाहत होती, आणि शेजारणी खिडक्यांतून आईकडे पाहत होत्या. आता तसल्या याद्या माझ्या टेबलावर येतात."

माडीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सभासद एकेक करून उठले.

न वाचलेली पाने

घरी परतताना प्रस्तुत लेखकाच्या मनात एकच विचार घोळत होता. आम्ही सोळा जण दीड तास भांडलो. संस्कार, कला, स्त्रीचे स्थान, जातिभेद या सर्वांवर बोललो. परंतु कर्ज हा शब्द त्या लिपिकांपूर्वी एकाच्याही तोंडी आला नव्हता. वास्तविक पुस्तकाचा उत्तरार्ध जवळजवळ सबंध कर्जाचा आहे. कर्ज म्हणजे जिवंत माणसाने भोगायचा नरक, अशा अर्थाचे शीर्षकच गुरुजींनी एका रात्रीला दिले आहे. घरात एक जिन्नस असला तर दुसरा नाही, ही ओढाताण. पैसा नसलेल्या माणसाची होणारी अवहेलना. सावकाराच्या माणसाचे दारात येऊन वाटेल ते बोलणे. अखेर चारचौघांत होणारे अब्रूचे धिंडवडे. आणि त्या धक्क्यानंतर आईचे अंथरूण. हा सर्व क्रम स्वच्छपणे मांडलेला आहे. श्यामची आई आजाराने मरते हे खरे. परंतु त्या आजारापर्यंत तिला नेणारी वाट सावकाराच्या वहीतून जाते.

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितो. ग्रामीण पतपुरवठा हा त्यातील एक ठरलेला विषय. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेले शेतकऱ्यांचे दंगे, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा, १९५१-५२ ची अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी, हे टप्पे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले. त्या पाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३ टक्क्यांच्या आसपास आणि सावकारांचा ७० टक्क्यांच्या जवळपास निघाला, हेही दरवर्षी फळ्यावर लिहिले. परंतु या आकड्यांच्या शेजारी 'श्यामची आई'तील एखादे प्रकरण वाचून दाखवावे असे मला कधी सुचले नाही. ते पुस्तक माझ्या लेखी मराठीच्या तासाचे आणि आईच्या आठवणीचे होते. वाचनातील हा आंधळेपणा एकट्या मुख्याध्यापकांचा नव्हता, माझाही होता.

आता त्या दृष्टीने पुस्तक पुन्हा वाचल्यावर काय दिसते? पहिली गोष्ट, हे कर्ज व्यसनाचे नाही. श्यामचे वडील उधळे नाहीत, आळशी नाहीत. भाऊबंदकीतून वेगळे निघालेला, हाती थोडे उरलेला, कोर्टकचेऱ्यांच्या खर्चाने पोखरलेला हा माणूस आहे. दुसरी गोष्ट, कर्जाचा स्वभावच असा की त्याची वाढ दिसत नाही. दरमहा शेकडा दोन रुपये व्याज द्यायचे ठरले आणि ते न देता मुद्दलात मिळत गेले, तर शंभराचे तीन वर्षांत दोनशेहून थोडे अधिक, सहा वर्षांत चारशेच्या वर आणि नऊ वर्षांत आठशेच्या वर होतात. शेताचे उत्पन्न मात्र नऊ वर्षांनीही साधारण तेवढेच राहते. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, असा दामदुपटीचा निर्बंध आपल्याकडे फार जुना होता. पण जुने खत फाडून व्याजासह नवे खत करून घेतले की त्या निर्बंधाची धार बोथट होई. १८७९ चा कायदा आला तोही सुरुवातीस पुणे, सातारा, सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर एवढ्या चार जिल्ह्यांपुरता. कोकणातला रत्नागिरी जिल्हा त्यात नव्हता.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कर्ज हाताबाहेर जात असताना जमीन विकून मोकळे व्हावे, असा सल्ला वडिलांना घरच्याच माणसांकडून मिळतो. तो त्यांना मानवत नाही. वडिलोपार्जित जमीन विकली तर गावात नाव काय राहील, हा त्यांचा प्रश्न. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा निर्णय चुकीचा ठरेल, कारण व्याजाचा दर जमिनीच्या उत्पन्नाहून जास्त असताना जमीन धरून ठेवणे म्हणजे तोटा धरून ठेवणे. पण इभ्रतीला अर्थशास्त्राच्या पुस्तकात स्तंभ नसतो. आईला मात्र हिशेब कळतो, कारण रोज डब्यात हात घालण्याची पाळी तिच्यावर येते. घराण्याचे नाव पुरुषाने सांभाळायचे आणि त्या नावाची किंमत स्त्रीने चुकवायची, अशी ही विभागणी आहे.

येथे पोहोचल्यावर ध्यानात आले की, त्या विद्यार्थिनीचा मुद्दा आणि त्या लिपिकांचा मुद्दा एकच आहे. आईच्या लुगड्याची चौकशी कोणी केली, हा प्रश्न वरवर स्त्रीच्या स्थानाचा दिसतो. खोलात गेले तर तो कुटुंबाच्या अर्थकारणाचा निघतो. तसेच प्राथमिक शिक्षकांचा प्रश्न. खोतीची पद्धत मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ उजाडले. 'श्यामची आई' प्रसिद्ध झाली तेव्हा खोती जिवंत होती. वरच्या पायरीवरचा माणूस घसरला की त्याची कहाणी होते. खालच्या पायरीवर जन्मलेल्याला घसरायला जागाच नसते, म्हणून त्याची कहाणी होत नाही. हे पुस्तकाचे वैगुण्य म्हणता येणार नाही, कारण गुरुजी आपल्या घराची गोष्ट सांगत होते. परंतु वाचकाने हे लक्षात ठेवू नये असा याचा अर्थ नव्हे.

हे सर्व आम्हांला कोणामुळे दिसले? एकमत असलेल्या सोळा वाचकांना ते दिसले नसते. सोळा जणांनी आळीपाळीने पुस्तकाची थोरवी गायिली असती, चहा झाला असता आणि मंडळी घरी गेली असती. न्यायालयातल्या त्या गृहस्थांनी आणखी अकरा वर्षे आपली आठवण कोणाला सांगितली नसती.

त्या स्नानाचा अर्थ

आता मुख्याध्यापकांना ज्या मुद्द्याने दुखावले, त्याकडे वळू. मोळीच्या प्रसंगातील स्नानाचा उल्लेख काढणे हा आईचा अपमान आहे काय?

थोडा विचार केला तर उलटेच दिसेल. हा प्रसंग लिहिणारे साने गुरुजी म्हणजे पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्व जातींना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषणास बसलेले साने गुरुजी. पुस्तक लिहीत असतानाही ते अस्पृश्यता मानणारे नव्हते. आईला केवळ देवता म्हणून उभी करायचे असते, तर ते स्नानाचे वाक्य गाळणे त्यांना किती सोपे होते! कोणी विचारायला आले नसते. त्यांनी ते गाळले नाही. आई जशी होती तशी, तिच्या काळाच्या मर्यादेसह, त्यांनी ठेवली. तिने एक पाऊल टाकले ते लिहिले. दुसरे तिला टाकता आले नाही तेही लिहिले. आणि ते दुसरे पाऊल मुलाने पुढे आयुष्यात टाकून दाखविले.

म्हणजे त्या विद्यार्थिनीने जो प्रश्न विचारला, त्याची सामग्री पुस्तकानेच तिच्या हाती दिली होती. लेखकाने जे प्रामाणिकपणे लिहिले ते आपण भक्तीने झाकायचे, आणि झाकण काढणाऱ्या मुलीला उर्मट ठरवायचे, यात लेखकाचा मान कोठे राहतो? उलट बाजूने त्या मुलीलाही एक सांगणे आहे, आणि दुसऱ्या बैठकीत ते सांगितलेही. याच पुस्तकात, आई आजारी असताना श्याम स्वयंपाकघरातील कामे करतो आणि पुरुषानेही ही कामे केली पाहिजेत, पुरुषात स्त्रीचे गुण असले पाहिजेत, असा विचार एका रात्री मांडला जातो. १९३५ च्या महाराष्ट्रात ही साधी गोष्ट नव्हती, आणि आजही किती घरांत ती रुळली आहे हे ज्याचे त्याने आपल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहावे. मुलीने ते प्रकरण पुन्हा वाचले आणि आपल्या मताला थोडी मुरड घातली. सोडले मात्र नाही. हे तिच्या वाचनाला शोभून दिसले.

मतभेदाची परंपरा

वादाने साहित्याचे नुकसान होते असे मानणाऱ्यांनी आपला इतिहास आठवावा. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. पुढे १८८५ च्या सभेचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांना गेले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारले. जे आपल्या वागणुकीत माणसांना समान हक्क देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. त्या पत्राने तेव्हा अनेकांना राग आला असेल. पण आज मराठी साहित्याचा कोणताही प्रामाणिक इतिहास ते पत्र वगळून पुढे जाऊ शकत नाही. पुढच्या काळात ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांभोवती 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद वर्षानुवर्षे गाजला. आमच्या तरुण प्राध्यापकांचा 'श्यामची आई'वरील आक्षेप म्हणजे त्याच वादाचा एक उशिराचा धागा. त्या वादात कोण जिंकले हे आज कोणी विचारत नाही. परंतु त्या निमित्ताने एका पिढीला कादंबरी म्हणजे काय याचा विचार करण्याची सवय लागली.

अभिजात पुस्तक कोणते? ज्याच्याविषयी सर्वांचे एकमत असते ते नव्हे. ज्याच्याविषयी सर्वांचे एकमत असते असे पुस्तक म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक. आणि तेही गाडी उशिरा आली की वादाचा विषय होते. दहाव्या वर्षी ज्यात मुलगा म्हणून आपण शिरतो, विसाव्या वर्षी प्रश्न विचारतो आणि पन्नासाव्या वर्षी कर्जबाजारी बापाच्या जागी स्वतःला पाहून दचकतो, त्या पुस्तकाला अभिजात म्हणावे. तिन्ही वयांची माणसे एका खोलीत बसली तर त्यांचे वाचन जुळणार नाही, हे उघड आहे. ते न जुळणे हीच त्या पुस्तकाच्या जिवंतपणाची खूण. पूज्य ग्रंथ चर्चेस घेऊ नयेत, या ठरावाचा व्यवहारातील अर्थ असा होईल की, आम्ही यापुढे फक्त दुय्यम पुस्तके वाचावीत. ज्यावर कोणी भांडणार नाही असे पुस्तक निवडत गेलो, तर ज्यावर बोलावे असे काही हाती उरणार नाही.

वाद कसा करावा

अर्थात वाद हवा म्हणून कसाही वाद चालेल, असे नाही. आमच्या बैठकीत चूक झाली, आणि ती दोन्ही बाजूंची होती. मुख्याध्यापकांनी पुस्तकाविषयीच्या प्रश्नाला वयाचे उत्तर दिले. आम्ही बाकीच्यांनी, एका माणसाने अडतीस वर्षे ज्या पुस्तकावर मुले वाढविली त्याची चिरफाड त्याच्यासमोर होत असताना त्याला काय वाटत असेल, याचा विचार केला नाही. तरुण प्राध्यापकांनी 'रडके साहित्य' हा शब्द ज्या सहजतेने वापरला, ती सहजता टाळण्याजोगी होती. पुस्तकाचे परीक्षण करणे वेगळे आणि ते पुस्तक प्रिय असणाऱ्याला खुळा ठरविणे वेगळे.

म्हणून ठरावाच्या जागी काही साधे नियम मी मंडळापुढे ठेवणार आहे. जो मत मांडील त्याने पुस्तकातील प्रकरण दाखवावे; पान न दाखविता दिलेले मत ऐकून घ्यावे, पण त्यावर भांडू नये. सर्वांत लहान सभासदाने प्रथम बोलावे आणि सर्वांत ज्येष्ठाने शेवटी, म्हणजे वडीलधाऱ्यांचा शब्द लहानांचे तोंड बंद करणार नाही आणि लहानांचा शब्द वडीलधाऱ्यांना ऐकून घ्यावा लागेल. एखाद्याच्या मतावरून त्याच्या जातीचा, वयाचा किंवा घराण्याचा हिशेब कोणी मांडू नये; त्याने आपण होऊन सांगितला तर तो आदराने ऐकावा. आणि ज्या पुस्तकावर वाद झाला, ते पुढच्या महिन्यात पुन्हा घ्यावे. आमचे अर्धे गैरसमज दुसऱ्या वाचनात आपोआप गळून पडतात, असा अनुभव आहे.

शाळांतील शिक्षकांनाही एक विनंती आहे. मोळीचा प्रसंग शिकविताना स्नानाचे वाक्य गाळू नये. मुले विचारतील, विचारू द्यावे. त्या एका प्रश्नातून समाजाच्या इतिहासाचा जेवढा भाग मुलांना कळेल, तेवढा पाठ केलेल्या उत्तरांतून कळणार नाही. आणि कर्जाची प्रकरणे परीक्षेला नाहीत म्हणून सोडून देऊ नयेत. वर्गात बसलेल्या मुलांपैकी कोणाच्या घरी या महिन्यात वसुलीचा माणूस येऊन गेला, हे शिक्षकाला ठाऊक नसते. महाराष्ट्रात सावकारीवर नियंत्रण ठेवणारा नवा कायदा २०१४ मध्ये आला. परंतु कायदा झाला म्हणून दारात उभ्या राहणाऱ्या माणसाची भीती संपत नाही. पगारदारांच्या पतसंस्थेचे हप्ते, घराचे हप्ते, मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज, यांची बेरीज महिनाअखेरीस करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी ही प्रकरणे परकी मानू नयेत.

गेल्या आठवड्यात मी मुख्याध्यापकांना भेटून आलो. वादाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. निघताना त्यांनी कपाटातून आपली जुनी प्रत काढून माझ्या हाती दिली. बांधणी दोनदा नवी केलेली, पाने पिवळी पडलेली. घरी येऊन चाळली तेव्हा दिसले की, मुकी फुले, पत्रावळ, अळणी भाजी या प्रकरणांत ओळीओळीखाली पेन्सिलीच्या खुणा आहेत आणि समासात टिपणे आहेत. उत्तरार्धातील कर्जाची पाने मात्र कोरी होती. केवळ जप्तीच्या प्रकरणापाशी एक घडी घातलेली होती, आणि ती घडी नवी होती.

प्रत परत करायची आहे. ती येत्या शनिवारी माडीवरच परत करीन असे मी त्यांना कळविले आहे. ते येतील की नाही हे सांगता येत नाही. ठरावावर मत द्यायचे झाले तर त्यांचे मत कोणत्या बाजूला पडेल, तेही मला ठाऊक नाही. परंतु नव्या नियमाप्रमाणे त्या मुलीने आधी बोलावे आणि त्यांनी सर्वांत शेवटी, असे मला वाटते. ते शेवटी जे बोलतील ते ऐकण्यासाठी आम्ही सर्वांनी थांबले पाहिजे, आणि ते येईपर्यंत त्यांची खुर्ची कोणी घेऊ नये.